हात लावलास का?

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी लेकीला बुद्धिबळाच्या स्पर्धेला घेऊन गेले होते. मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर पोरं पटांवर माना घालून बसलेली आणि खाली, एरवी जिथे पंगती उठतात तिथे, आम्ही पालक. फेरी सुरू झाली की पालकांना वर सोडत नाहीत, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष जिन्याकडे. पोर जिना कसा उतरतंय त्यावरून निकाल कळतो. माझी लेक जिंकली की पायऱ्या गाळत उड्या मारत येते, हरली की कठड्याला हात घासत येते. तिसऱ्या फेरीनंतर मात्र ती एकेक पायरी नीट बघून उतरली. "जिंकले," म्हणाली आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. अर्धी बाटली संपवून मग एका दमात सांगून टाकलं, "आई, तिने घोड्याला हात लावला आणि मागे घेतला. मी घड्याळ थांबवून हात वर केला. सर आले. सरांनी तिला विचारलं, हात लावलास का? ती हो म्हणाली. मग तिला घोडाच खेळायला लागला आणि तिचा वजीर गेला. बरोबर केलं ना मी?"

"बरोबरच केलंस," मी म्हणाले. जरा जास्तच पटकन म्हणाले.

तिच्या मागोमाग ती मुलगी उतरली. निळी क्लिप, हातात घड्या घातलेला स्कोअरशीट, डोळे सुजलेले. वजीर गेल्यावरही ती मात होईपर्यंत खेळली असणार, कारण सगळेच क्लासवाले पोरांना हे घोकून घेतात की डाव सोडायचा नाही, समोरचंही पोरच आहे, चुकेल कुठेतरी. तिची आजी आमच्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. आजीने पदराने नातीचं नाक पुसलं, पिशवीतून राजगिऱ्याच्या वड्यांचं पुडकं काढलं, एक तिला दिली आणि एक माझ्या लेकीपुढे धरली. "घे गं बाळा, तूपण दमली असशील." आजींना काहीच माहीत नव्हतं. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने वडी घेतली, पण खाल्ली नाही. घरी आल्यावर दप्तराच्या पुढच्या कप्प्यात मला तिचा भुगा सापडला.

त्या रात्री मी कपाटाच्या वरच्या फळीवरून 'हिकारू नो गो' उतरवलं. गो या पटावरच्या खेळाभोवती फिरणारी जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा. तेवीस खंड आहेत. रानडे इन्स्टिट्यूटमधला जपानीचा कोर्स करून नंतर कंपनीने दीड वर्ष टोकियोला पाठवलं, तेव्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून १०५ येनला एक या भावाने एकेक करत जमवलेले. निशी-कसाईत आम्ही पाच-सहा मराठी घरं होतो. रविवारी कुणाकडे तरी पोहे व्हायचे, आणि बाकीचे सगळे कॅमेरे आणि प्रेशर कुकर यांच्या किमतींवर बोलत असताना मी कोपऱ्यात ही पुस्तकं घेऊन बसायचे. मुलांसाठीच्या साप्ताहिकात आलेली मांगा, त्यामुळे प्रत्येक कांजीच्या, म्हणजे चिनी वळणाच्या चित्रलिपीतल्या अक्षराच्या, बाजूला बारीक अक्षरात उच्चार छापलेला असतो. माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्या माणसाला ते वरदानच. गो या खेळातलं तेव्हा मला ओ की ठो कळत नव्हतं. खरं सांगायचं तर आजही फारसं कळत नाही.

गोष्ट अनेकांना माहीत असेल. सहावीतल्या हिकारूला आजोबांच्या कोठारात गोचा जुना पट सापडतो. त्याच्यावर रक्ताचे डाग आहेत, पण ते फक्त त्यालाच दिसतात. आणि त्या पटातून फुजिवारा नो साई नावाचं भूत त्याच्या डोक्यात येऊन बसतं. हेआन काळातला, म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा, सम्राटाला गो शिकवणारा गुरू. (आमच्या आईने मुखपृष्ठावरच्या लांब केसांच्या आकृतीकडे बोट दाखवून हा कोण म्हणून विचारलं. साई म्हटल्यावर तिने हात जोडले. मी खुलासा केला नाही.) युमी होत्ताने लिहिलेली आणि ताकेशी ओबाताने काढलेली ही मालिका १९९८ च्या अखेरीपासून २००३ पर्यंत 'शोनेन जम्प'मध्ये चालली. ओबाता म्हणजे पुढे 'डेथ नोट' काढणारा तोच. होत्ताबाईंना ही कल्पना सासऱ्यांशी गो खेळताना सुचली असं म्हणतात. गोचा देव अंगात आला तर किती सहज जिंकू, असं काहीतरी. सासऱ्यांना हरवायला साक्षात देव अंगात यावा असं वाटणं मला फार जवळचं वाटतं, पण तो विषय वेगळा.

लोक या मालिकेकडे दोस्ती आणि चुरशीची गोष्ट म्हणून बघतात. हिकारू आणि तोया आकिरा, एकमेकांचा पाठलाग करणारी दोन पोरं. ते आहेच. पण त्या रात्री वर्षांनी ती पानं पुन्हा उलटताना (जपानी पुस्तक म्हणजे उजवीकडून डावीकडे, त्यामुळे पहिले काही दिवस हात चुकतोच) मला भलतंच दिसायला लागलं. या गोष्टीत जागोजागी फसवणूक आहे. मुळात साई भूत झाला तोच फसवणुकीमुळे. सम्राटासमोरच्या डावात प्रतिस्पर्ध्याच्या वाडग्यात साईच्या रंगाची एक सोंगटी चुकून मिसळली होती, ती त्याने गुपचूप आपण मारलेल्या सोंगट्यांत सरकवली. साईने पाहिलं. तो तोंड उघडणार इतक्यात समोरच्यानेच ओरडून आळ साईवर घेतला. चोर तो चोर वर शिरजोर. मनाने खचलेला साई डाव हरला, राजधानीतून हाकलला गेला आणि त्याने पाण्यात जीव दिला. मग तो मितानी, हिकारूच्या शाळेतला. गोच्या अड्ड्यावर पैसे लावून खेळायचा आणि डाव संपल्यावर मोजणी सोपी व्हावी म्हणून सोंगट्या सरकवून चौकोन करतात, त्या सरकवण्यात एखाद-दुसरं घर स्वतःकडे ओढायचा. खुद्द हिकारू सहावीत असताना मोठ्या मुलांच्या स्पर्धेत जाऊन बसतो, पकडला जातो आणि सगळा संघ बाद होतो.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हिकारू आकिराशी पहिले दोन डाव खेळतो ते साईने कानात सांगितलेल्या खेळ्यांवर. बोटं हिकारूची, डोकं भुताचं. आकिरा बिचारा आयुष्यभर पुरेल इतका हादरतो. आज ही गोष्ट एखाद्या बुद्धिबळाच्या क्लासमध्ये सांगितली तर पोरं पटकन म्हणतील, अरे हा इंजिन लावून, म्हणजे कॉम्प्युटरला विचारून खेळतोय. २०१६ च्या मार्चमध्ये सोलमध्ये गोचा कोरियन दिग्गज ली सेडोल अल्फागो या कॉम्प्युटर प्रोग्रामकडून ४-१ असा हरला, तेव्हा त्याच्यासमोर यंत्र नव्हतं बसलेलं. आजा हुआंग नावाचा माणूस बसला होता, त्याच प्रकल्पातला. तो पडद्यावर बघायचा आणि अल्फागोने सांगितलेल्या ठिकाणी स्वतःच्या हाताने सोंगटी ठेवायचा. चेहऱ्यावर काही नाही. मी ते टीव्हीवर बघत होते आणि मला सारखं वाटत होतं, हा हिकारूच आहे.

पण मी त्या रात्री शोधत होते ते पान इसुमीचं.

इसुमी हा हिकारूपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. शांत, सगळ्यांचा आवडता, व्यावसायिक होण्याची तयारी करणाऱ्या इनसेई मुलांमधला वरच्या क्रमांकाचा, आणि वय संपत आलेला. परीक्षेतून वर्षाला फक्त तिघं घेणार. हिकारूशी त्याचा डाव पडतो. पारडं इसुमीकडे झुकलेलं. आणि मन क्षणभर कुठेतरी गेलेलं असताना तो सोंगटी नको तिथे ठेवतो, बोट सुटतं, आणि लगेच उचलून ती दुसरीकडे ठेवतो. गोमध्ये सोंगटी एकदा ठेवली की ठेवली. बुद्धिबळात निदान मोहरं पुढच्या खेळीला हलतं तरी, गोत ती मारली जाईपर्यंत तिथेच बसते. बोट सुटल्यावर जागा बदलली की डाव गेला, बाकी चर्चा नाही. ओबाताने ती दोन बोटं काढली आहेत. पहिलं बोट खाली, मधलं वर, दोघांच्या चिमटीत सोंगटी, ती पटावर टेकते आणि बोटं आणि सोंगटी यांच्यात केसाएवढी पांढरी फट. बस, तेवढीच फट. मग पानंच्या पानं दोघंही गप्प. हिकारू मनात म्हणतोय की बोट सुटलं का? सुटलं. सांगू का? सांगितलं तर मी जिंकतो. इसुमी मनात म्हणतोय की याने पाहिलं का? नाही म्हटलं तर? शेवटी हिकारू तोंड उघडायच्या आत इसुमीच मान खाली घालून म्हणतो, "माकेमाशिता." हरलो.

हा शब्द मला पहिल्यांदा शिकवला तो एका म्हाताऱ्याने. ऑफिसच्या वाटेवर एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गोचा अड्डा होता. हिकारू वाचून डोक्यात भूत शिरलेलं, एका शुक्रवारी जिना चढून गेले. सिगारेटचा आणि जुन्या स्वेटरांचा वास, दहा-बारा आजोबा, एकही बाई नाही, आणि पाऊस थांबल्यावर पागोळ्या पत्र्यावर पडाव्यात तसा सोंगट्यांचा थेंब-थेंब आवाज. कॅरमच्या सोंगटीपेक्षा लहान, दोन्ही बाजूंनी फुगीर, हाताला गार. त्या आजोबांनी मला आधीच नऊ सोंगट्यांची सूट दिली, तरी अर्ध्या तासात माझं सगळं साम्राज्य पालथं घातलं. संपलंय हे मलाही दिसत होतं. मी हसले, खांदे उडवले, सोंगट्या गोळा करायला हात पुढे केला. त्यांनी हलकेच हात आडवा धरला आणि वाट बघत बसले. मला कळेना काय राहिलंय. मग त्यांनीच तो शब्द सावकाश उच्चारून दाखवला, जसं लहान मुलाला थँक्यू म्हणायला लावतात. हरलेल्याने ते तोंडाने म्हणायचं असतं. मान झुकवून, ऐकू येईल असं. मी म्हटलं. त्यांनीही मान झुकवली. आणि मग पट रिकामा करून त्यांनी आमचा सगळा डाव पहिल्यापासून पुन्हा मांडला, माझ्या मूर्ख सोंगट्यांसकट, एकही न चुकता, आणि एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, इथे.

मराठीत असं कोण म्हणतं? आम्ही म्हणतो डाव गेला. जशी काही बस गेली. फार तर डाव सोडला, म्हणजे त्यातही उदारपणा आपलाच.

आता ते सांगायला हवं ज्याच्यासाठी मी हे सगळं फिरून फिरून लिहितेय. १९९१ सालची दिवाळीची सुट्टी. मी बारा वर्षांची. शेजारच्या तालुक्याच्या गावी आंतरशालेय स्पर्धा होती, बाबा एसटीने घेऊन गेले होते. शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरलेल्या, त्यावर लाकडी पट, कुणाची मोहरी पिवळी-काळी, कुणाची लाल-काळी. घड्याळं फक्त वरच्या तीन पटांना. मी चौथ्या पटावर. समोर चौकड्याच्या शर्टातला मुलगा, नखांत शाई, माझ्याहून एखाद वर्षाने लहान असेल. काळी मोहरी माझी. मला त्याचं कडेचं एक प्यादं फुकट दिसत होतं, ते मारायला मी उंट उचलला. बोटभर उचलला असेल. उचलता उचलताच कळलं की हा उंट माझ्या राजाच्या दारात राखणीला उभा होता. तो हलला की दार उघडं, समोरून वजीर आत, मात. उंटाच्या तळाचं हिरवं बनातीचं कापड अर्धं निघालेलं होतं, ते लोंबत होतं, तेही मला दिसतंय आत्ता. मी उंट परत त्याच घरात ठेवला, जरा मधोमध सरकवला आणि म्हणाले, "अ‍ॅडजस्ट."

अ‍ॅडजस्ट आधी म्हणायचं असतं. नंतर म्हटलं तर त्याला काही अर्थ नाही. हे मलाही माहीत होतं आणि त्यालाही.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मोठं काही नाही, नुसतं पाहिलं. पंच तिकडे पहिल्या पटापाशी उभे. त्याने हात वर करायला हवा होता. नियम असा आहे की समोरच्याने हात लावला अशी तक्रार करायची तर तुमच्या स्वतःच्या हाताने मोहरं धरण्याआधी करायची. एकदा तुम्ही खेळायला हात घातला की तुमचा हक्क संपला. मी दुसरीच काहीतरी खेळी केली आणि पटाकडे बघत बसले. त्याचा हात बराच वेळ मांडीवर होता. मग तो हात वर आला, मला वाटलं आता हा बोलावतो, आणि त्या हाताने घोडा उचलला. सुटले. पुढे दहा-बारा खेळ्यांत मी जिंकले. त्याचं लक्षच उडालं होतं. हात मिळवला तेव्हा त्याची बोटं ओली होती.

साई हिकारूच्या आधी एकाच मुलाला दिसला होता अशी या मालिकेतली कल्पना आहे. तो मुलगा मोठेपणी शुसाकू झाला, होनिंबो शुसाकू, गोचा खराखुरा, इतिहासातला खेळाडू. इन्नोशिमा बेटावर जन्मला आणि १८६२ मध्ये पटकीने गेला, वय जेमतेम तिशी ओलांडलेलं. त्याचा १८४६ मधला गेन्नान इन्सेकीशी झालेला डाव 'कान लाल झाल्याचा डाव' म्हणून ओळखला जातो. बघ्यांमध्ये एक वैद्य होता. त्याला गोतलं बाकी काही कळत नव्हतं, पण शुसाकूने एकशेसत्ताविसावी सोंगटी ठेवली तेव्हा गेन्नानचे कान लाल झालेले त्याने पाहिले आणि सांगून टाकलं की गेन्नान हरणार. माझे कान त्या दिवशी इतके तापले होते की मी दोन वेळा केस मोकळे करून त्यांवर ओढले. पण आमचे सावळे कान. तापतात, दिसत नाहीत. घरी जाताना एसटीत बाबा कौतुकाने म्हणाले, "शेवटी काय शांत डोक्याने खेळलीस!"

त्या स्पर्धेत मी तिसरी आले. बक्षीस स्टीलचा डबा. झाकणावर मशीनने ठिपक्या ठिपक्यांत कोरलेलं, तृतीय क्रमांक, आणि साल. आईने त्यात अनेक वर्षं शेंगदाण्याचं कूट ठेवलं, लग्नानंतर डबा माझ्याकडे आला, आता त्यात साबुदाणा असतो. दर एकादशीला हात लागतो. रोज कुणी त्याकडे बघून रडत नाही हो. मधली पंधरा-वीस वर्षं मला त्या उंटाची आठवणही नव्हती. इसुमीचं ते पान निशी-कसाईच्या त्या खोलीत पहिल्यांदा वाचलं, तेव्हा गॅसवर कुकर होता, आणि किती शिट्ट्या झाल्या ते मला कळलं नाही.

आपल्या बचावाला माणूस मोठी नावं शोधतो. मीही शोधली. १९९४ साली स्पेनमधल्या लिनारेसच्या बुद्धिबळ स्पर्धेत कास्पारॉव्हने घोडा एका घरात टेकवला, बोटं सोडली, पुन्हा धरला आणि दुसरीकडे ठेवला. समोर ज्युडिथ पोल्गार, सतरा वर्षांची. बोटं सुटली होती हे नंतर चित्रफितीत दिसलं, सेकंदाचाही एक हिस्सा, पण सुटली होती. तिने पाहिलं आणि तक्रार केली नाही. अशा स्पर्धेला पहिल्यांदाच बोलावणं आलेलं, समोर जगज्जेता, कुठे वाद घालायचा. डाव हरली. मला या किश्श्यात कास्पारॉव्हपेक्षा पोल्गारचा राग यायचा आधी. बोलायचं ना. मग लक्षात आलं की चौकड्याच्या शर्टातल्या मुलावरही मी वर्षानुवर्षं असाच मनातल्या मनात चिडून आहे. तू हात वर का नाही केलास रे? तू केला असतास तर मी हो म्हटलं असतं. म्हटलं असतं का?

इसुमीचं पुढे काय झालं ते मालिका वाचलेल्यांना ठाऊक आहे, आणि मला वाटतं साऱ्या गोष्टीचं मर्म तिथेच आहे. तो पुढचेही डाव हरत गेला. परीक्षा हातची गेली. हिकारू पास झाला. नंतर इसुमी चीनला जाऊन राहिला, मुकाट्याने खेळत सावरला. तिकडे साई एके दिवशी, पाच मेला, काही न बोलता नाहीसा झाला आणि हिकारूने गो सोडून दिलं. माझ्या हातून सोंगट्या ठेवल्या की साई परत येणार नाही, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं. कुणाकुणाचं त्याने ऐकलं नाही. शेवटी इसुमी परत येतो, थेट घरी, आणि म्हणतो की तो डाव आपला नीट झाला नव्हता, मला पुढे जायचं तर तो पुन्हा खेळायला हवा. हिकारू त्याच्यासाठी म्हणून बसतो. आणि खेळता खेळता आपल्याच बोटांनी ठेवलेल्या सोंगटीत त्याला साई सापडतो. म्हणजे ती केसाएवढी फट नसती, आणि ती कबूल केली नसती, तर पुन्हा खेळायला काही उरलंच नसतं. मला हे फार लागतं. माझा डाव कागदोपत्री पूर्ण आहे. जिंकलेला आहे. कोरलेला आहे.

गेले तीन आठवडे मी लेकीला हे खंड रात्री वाचून दाखवतेय. चित्रं तिच्याकडे, मराठी माझं. आकिरा तिला आवडत नाही, फार शहाणा आहे म्हणते. परवा आम्ही इसुमीपाशी पोचलो. मी नेहमीपेक्षा हळू वाचत होते. ती पोटावर पडून, हनुवटी उशीत, त्या दोन बोटांच्या चित्राकडे बघत होती. मी "हरलो" म्हटलं आणि थांबले.

"हिकारूने पाहिलं होतं ना? मग बोलला का नाही?"

"बोलणार होता. हा आधी बोलला."

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "त्या मुलीला सर म्हणाले ना, हात लावलास का, तेव्हा आजूबाजूला कुणीच बघत नव्हतं. ती नाही म्हणाली असती तर सरांनी काय केलं असतं? काहीच नसतं करता आलं." पुन्हा गप्प. "तरी हो म्हणाली."

त्या रविवारपासून मी लेक आणि मी, आम्हा दोघींनाच या गोष्टीत बसवत होते. कधी ती हिकारू, कधी मी इसुमी, उलटसुलट करून बघत होते. निळ्या क्लिपवालीला मी कुठे धरलंच नव्हतं. दहा-अकरा वर्षांची पोर, वजीर जाणार हे दिसत असताना, विचारल्यावर हो म्हणाली, एवढंच, आणि खाली येऊन आजीच्या पदराला नाक पुसलं.

मग मी उंटाचं सांगितलं. सगळं, हिरव्या कापडासकट. चेहरा बघायची हिंमत नव्हती म्हणून पंख्याकडे बघत सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे समजूत घालेल. तिने विचारलं, "साबुदाण्याचा डबा?" मी हो म्हटलं. "आणि उंट हलवला असतास तर खरंच मात होती?"

"मला तेव्हा तसं वाटलं."

"मांड ना."

साडेदहा वाजले होते, सकाळची शाळा. तरी पट काढला. माझा राजा ठेवला, त्याच्यासमोर दोन प्यादी, हत्ती, तो उंट. त्याचा वजीर ठेवला. आणि पुढे काही येईना. शाई भरलेली नखं येतात, सतरंजीची लाल किनार येते, पंचांच्या पांढऱ्या चपला येतात. प्यादी येत नाहीत. त्या म्हाताऱ्याला अर्ध्या तासाच्या भिकार डावातली एकेक सोंगटी आठवत होती, आणि मला माझ्या जन्माच्या डावातलं एक प्यादं आठवेना. ते राजाच्या बाजूचं प्यादं मूळ घरात होतं की एक घर पुढे? मूळ घरात असेल तर मात. एक घर पुढे असेल तर राजाला पळायला वाट आहे, आणि मग मला उंट खाली ठेवायची काही गरजच नव्हती.

लेकीने ते प्यादं एक घर पुढे ठेवलं. मग मागे. मग पुन्हा पुढे. मी न कळत उंट उचलून ती दोन्ही घरं बघत होते, तर ती म्हणाली, "उचललास ना, आता तोच खेळ."

तिने पट फिरवून त्या मुलाची बाजू स्वतःकडे घेतली होती. मी उंट खेळले. ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, क्लासमध्ये शिकवलंय तशी, वजिराकडे बघत बसली.